सुरुंग, सुरंग आणि डॉक्टरांची सिरिंज

प्रश्न असा आहे : कंबोडियात भूसुरुंग हुंगून काढणाऱ्या मगावा उंदराच्या बातमीत एकाने ‘बारुदी सुरंग’ लिहिलं, दुसऱ्याने ‘भूसुरुंग’. बरोबर काय? आणि ‘डीमायनिंग’ला, म्हणजे जमिनीतले सुरुंग काढून टाकण्याला, मराठीत काय म्हणावं?

‘बारुदी सुरंग’ हिंदी आहे, विषय संपला. हिंदीतली सुरंग म्हणजे आपला बोगदा, म्हणून तिला ‘बारुदी’ जोडावं लागतं. आपल्या सुरुंगात दारू आधीच ठासलेली असते, विहीर फोडणाऱ्या कुणालाही विचारा.

खरी गंमत पुढे आहे. संस्कृतात ‘सुरुङ्गा’ म्हणजे भुयारच. लाक्षागृहातून पांडव निसटले ते हिच्यातून, आणि कौटिल्यही हा शब्द वापरतो. तो आला ग्रीक ‘सिरिंक्स’वरून : आधी वेळूची बासरी, मग कुठलीही पोकळ नळी, मग वेढ्यात तटाखाली खणलेलं भुयार. डॉक्टरांची सिरिंज याच घरातली! पुढे भुयारात दारू भरून बुरूज उडवू लागले (१६६० साली चाकणला शाहिस्तेखानाने तेच केलं) आणि आपल्याकडे नाव पोकळीवरून स्फोटावर सरकलं. इंग्रजी ‘माइन’चंही तसंच झालं. ‘सु-रंग’ अशी फोड करणाऱ्यांनी ती रंगपंचमीपुरती ठेवावी. काही पंडित कंबोडियाच्या ख्मेर भाषेतला ‘रूंग’, म्हणजे बीळ, पुढे करतात. उंदराच्या बातमीत ते शोभतंही, पण मग आधीचा ‘सु’ कुठून आला? आणि मगावा तर टांझानियात जन्मलेला.

हां, डीमायनिंग. ‘निकामी करणे’ सरसकट लिहू नका. उंदीर फक्त शोधतो. मेटल डिटेक्टर प्रत्येक खिळ्यापाशी बोंबलतो. उंदराला लोखंडाशी देणंघेणं नाही, सुरुंगातल्या टीएनटी या स्फोटकाचा वास आला की तो माती खरवडतो. टेनिस कोर्टाएवढी जागा त्याला अर्धा तास पुरते, माणसाला डिटेक्टर घेऊन चार दिवसही लागतात. सापडलेला सुरुंग पुष्कळदा जागच्या जागी उडवूनच देतात, म्हणजे सुरुंगालाच सुरुंग!

माझं विचाराल तर, सुरुंग आपण ‘पेरतो’, तेव्हा काढण्याला ‘खुरपणी’ का नको? गुडघे टेकून, सळई तिरकी धरून इंच इंच माती चाचपणारा माणूस एकदा बघा. सळई उभी खुपसली तर टोक थेट सुरुंगाच्या डोक्यावर दाबतं. तण खुरपणारी बाईही खुरपं तिरकंच धरते.