डाला वर्षातून किती दिवस भरतो?
डिझेल पिकअप घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : बारा एकर वावर, कपाशी आणि तूर. नोकरीसाठी रोज दारव्ह्याहून यवतमाळला जाणं-येणं, साधारण 80 किमी. घरी चार माणसं. सध्याची छोटी पेट्रोल कार विकून डिझेल पिकअप घ्यावी, म्हणजे नोकरी आणि शेती दोन्ही एकाच गाडीत होतील, असं वाटतं. सिंगल केबिन घ्यावी की डबल?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : केबिनचं नंतर पाहू. आधी मागच्या वर्षाचा हिशेब मांडा: खत आणणं, बियाणं, फवारणीचं पाणी, कापूस जिनिंगवर नेणं, तूर मार्केट यार्डात नेणं. यासाठी डाला (गाडीचा मागचा माल भरायचा भाग) खरोखर भरला असता असे दिवस किती?

हे विचारण्याचं कारण पैशाचं आहे. रोज 80 किमी आणि वर्षाला 300 दिवस धरले तर 24,000 किमी होतात. पिकअपने लिटरला 13 किमी दिले आणि डिझेल 90 रुपये धरलं, तर वर्षाला सुमारे 1 लाख 66 हजारांचं डिझेल लागतं. छोट्या पेट्रोल कारने 18 किमी दिले आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर 1 लाख 40 हजार. डिझेल स्वस्त पडतं हा समज कारची कारशी तुलना करताना ठीक आहे, पिकअपला तो लागू होत नाही. शिवाय पिवळ्या पाटीचा (मालवाहू नोंदणीचा) विमा महाग, टायर जाड आणि महाग, आणि फिटनेसचा खर्च वेगळा. भरल्या डाल्याचे दिवस तीस-चाळीसच्या आत असतील तर कार ठेवा आणि त्या दिवसांपुरती गावातली पिकअप भाड्याने सांगा. ऐंशीच्या वर जात असतील तर स्वतःची पिकअप घेणं रास्त आहे.

घ्यायचीच ठरली तर चार माणसांसाठी डबल केबिनच. या वर्गात महिंद्राची बोलेरो कॅम्पर आणि टाटाची योद्धा क्रू कॅब या नेहमी दिसणाऱ्या गाड्या. दोघींचे पार्ट तालुक्याच्या ठिकाणी मिळतात, आणि रोजच्या गाडीला ही फार मोठी सोय आहे. मात्र डबल केबिनचा डाला सिंगलच्या जवळजवळ निम्मा असतो. सोयाबीनचे किंवा तुरीचे पन्नास किलोचे वीस कट्टे भरले की एक टन होतो, तिथे वजनाची हद्द आली. सैल कापसाचं उलट आहे, वजन होण्याआधी जागा संपते. कापूसच जास्त असेल तर डबल केबिनला दुप्पट फेऱ्या धरा.

ट्रायल घेताना शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावर समाधान मानू नका. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) टनभर ओझ्यासाठी बसवलेले असतात, म्हणून रिकामी गाडी खड्ड्यात मागून उसळते. गाडी रिकामी ठेवून खराब रस्त्यावर 40 आणि 60 च्या वेगाने न्या, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना अर्धा तास मागच्या सीटवर बसवा. कॅम्परसारख्या गाडीत मागच्या सीटची पाठ बरीच उभी असते. कंबरदुखी असणाऱ्याला ते पहिल्या दहा मिनिटांत कळणार नाही, अर्ध्या तासात नक्की कळेल. मालवाहू पिकअपला 80 किमी वेगाचं बंधनही असतं, त्यामुळे मोठ्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना कारचा अंदाज वापरू नका.

प्रश्न : दुकान घरापासून 4 किमी. दिवसातून चार-पाच खेपा, मालही थोडाच. नवी बीएस-6 डिझेल पिकअप घेतो आहे. डीपीएफचा दिवा लागतो म्हणतात, तो प्रकार काय?
— परतवाडा (जि. अमरावती)

उत्तर : तुमच्या वापराला डिझेल बसत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर आला, तो डीपीएफ. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी फिल्टरमध्ये सुमारे 600 अंशांची उष्णता लागते. चार किमीत इंजिन पुरतं तापतही नाही. काजळी साठत जाते आणि दिवा लागतो. तरी तसंच चालवलं तर गाडीची ताकद कमी होते, आणि शेवटी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मशीन लावून फिल्टर साफ करावा लागतो किंवा बदलावा लागतो. तो बदलण्याचा खर्च ऐकून लोक फिल्टर कापून टाकतात. ते बेकायदेशीर आहे, वॉरंटीही जाते.

दुसरं नुकसान दिसत नाही. काजळी जाळण्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल सोडते. जाळणं अर्ध्यावर असताना तुम्ही दुकानापाशी गाडी बंद केली की त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईल कमी व्हायच्याऐवजी वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर ऑईल लगेच बदला. पातळ झालेलं ऑईल आधी टर्बोचे बेअरिंग खातं.

तरीही डिझेलच हवं असेल तर आठवड्यातून एकदा परतवाडा ते अमरावती अशी सलग फेरी ठेवा. अर्धा तास, 60 च्या आसपास, एक गिअर खाली ठेवून, म्हणजे इंजिन 2,000 आरपीएमच्या वर राहील. काजळी जळताना आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) थोडं वाढतं, पंखा जोरात फिरतो, गरम वास येतो. तेव्हा इंजिन बंद करू नका. आणि त्या वेळी गाडी कुटाराच्या ढिगाजवळ, वाळल्या गवतावर किंवा पऱ्हाटीवर मुळीच उभी करू नका. खालचा पाइप इतका तापलेला असतो की आग लागते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत डायव्हरला हे बजावून सांगा.

इंजिन ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला, कमी राख सोडणारं. काजळी जळते, पण ऑईलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. ज्या मॉडेलला डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) वेगळी टाकी आहे, त्यांच्यासाठी एक जास्तीची सूचना. डीईएफ म्हणजे 32.5 टक्के शुद्ध युरियाचं द्रावण हे खरं, पण म्हणून गोदामातला शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकू नका. त्याला निंबोळी तेलाचा लेप असतो, त्यात इतर अंशही असतात, आणि नोझल व कॅटॅलिस्ट दोन्ही बाद होतात. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर किल्लीसुद्धा फिरवू नका. टाकी उतरवून धुवून घ्या.

तुमच्या चार किमीच्या खेपांसाठी सीएनजी किंवा पेट्रोलची छोटी मालगाडी पाहावी, आणि पंप जवळ आहे की नाही ते आधी बघून ठरवावं.

प्रश्न : पिवळी पाटी नको वाटते. पांढऱ्या पाटीवर मिळणारी इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स घेतली तर शेतमाल नेता येईल का? कारचं लायसन्स चालेल का? वेचणीच्या बायांना डाल्यात बसवून नेलं तर?
— वरोरा (जि. चंद्रपूर)

उत्तर : स्वतःचा माल नेण्यापुरती पांढऱ्या पाटीची गाडी चालते. दुसऱ्याचा माल भाड्याने नेला की ती खासगी गाडी राहत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवते. या दोन्ही गाड्या चालवायला उत्तम, घाटात ताकद भरपूर. पण लांबी 5.3 मीटरच्या आसपास आहे. तुमच्या पांदणीचं (शेतरस्त्याचं) वळण आणि घराचं फाटक आधी टेपने मोजा. किंमतही साध्या पिकअपच्या कितीतरी पट.

पिवळ्या पाटीची फार धास्ती घेऊ नका. फिटनेस नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. गाडीचं भरलेलं एकूण वजन 3,000 किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परमिट लागत नाही. हा आकडा आरसीवर पाहा, जाहिरातीत नको. एकाच नावाच्या गाडीची काही मॉडेलं या हद्दीच्या आत, काही बाहेर आहेत. लायसन्सचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं की साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही.

डाल्यात बायांना बसवू नका. ते बेकायदेशीर आहे, विम्याचं संरक्षण मिळत नाही, आणि नाल्याच्या वळणावर गाडी कलंडली की डाल्यातल्या माणसाला धरायला काहीच नसतं. केबिनमध्ये आरसीवर जितक्या सीट लिहिल्या आहेत तितकीच माणसं. बाकीच्यांसाठी प्रवासी परवान्याची गाडी सांगा. मजुरीच्या हिशेबात तो खर्च धरलाच पाहिजे.

प्रश्न : 2018 ची बीएस-4 पिकअप मिळते आहे. काय तपासू?
— हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिन सगळे दोष लपवतं.

सुरू होताना आलेला पांढरा धूर मिनिटभरात जायला हवा. न गेला तर इंजिनात पाणी जातं आहे किंवा इंजेक्टर नीट फवारत नाहीत. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. ॲक्सिलेटर दाबल्यावर दाट काळा धूर आला तर एअर फिल्टर, टर्बोचा पाइप, इंजेक्टर या क्रमाने पाहा. मग इंजिन आयडलवर ठेवून ऑईल भरायच्या तोंडाचं झाकण काढा आणि तिथेच उलटं ठेवा. थरथरलं तर चालेल, उडालं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिनाचं काम निघालं. किंमत त्या खर्चाने कमी करा किंवा गाडी सोडा.

क्लचसाठी सपाट जागी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. फिरतच राहिलं तर प्लेट संपली. रस्त्यावर 50 च्या वेगाला मागून घूं आवाज येतो का ऐका. ॲक्सिलेटर सोडताच आवाज बदलला तर क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधले गिअर), बदललाच नाही तर बेअरिंग. पुढे-मागे घेताना खालून ‘कट’ असा ठोका आला तर शाफ्टचा क्रॉस गेलाय, ते स्वस्त काम आहे.

सगळ्यात जास्त वेळ डाल्याखाली द्या. अंगाखाली पोतं टाकून टॉर्च घेऊन आत शिरा. पाट्यांचे हँगर चेसिसला जिथे बसतात, तिथे वेल्डिंगची रेघ किंवा एवढ्याच भागावर ताजा काळा रंग दिसला तर चेसिस तडकलेली आहे. अशी गाडी फुकटसुद्धा घेऊ नका. दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. कंपनीपेक्षा एक-दोन जास्त असतील तर या गाडीने रेती किंवा गिट्टी हद्दीबाहेर वाहिली आहे. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. टायरच्या गोट्या (वरची उठावदार नक्षी) चांगल्या दिसल्या तरी जुनं रबर उन्हाळ्यात फुटतं.

कागद : एमपरिवहन या सरकारी ॲपवर बँकेचा बोजा, फिटनेस, विमा पाहा, थकीत चलानही तपासून घ्या. मालकी बदलाचे नमुना 29 आणि 30 सहीचे, बोजा असेल तर बँकेच्या पत्रासह नमुना 35, परराज्यातली गाडी असेल तर नमुना 28 ची एनओसी. एप्रिल 2019 आधीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर पाटी बसवली आहे का तेही पाहा. विमा आपल्या नावे करायला 14 दिवसांत अर्ज करा. हे काम बहुतेक जण विसरतात आणि पहिल्याच क्लेमला अडकतात.

प्रश्न : काळी माती, पावसाळ्यात पांदणीत गाडी फसते. फोर व्हील ड्राइव्ह घेतलीच पाहिजे का? आणि उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढावा असं मेकॅनिक म्हणतो.
— दर्यापूर (जि. अमरावती)

उत्तर : पांदणीतून रोज जायचं असेल तर घ्या, आठवड्यातून एकदा जायचं असेल तर नको. साध्या पिकअपला ताकद मागच्या चाकांना, आणि रिकाम्या गाडीचं वजन पुढे. म्हणून ती रिकामी असतानाच आधी फसते. पावसाळ्यात मागच्या ॲक्सलच्या वर दीड-दोन क्विंटलचे रेतीचे कट्टे ठेवा आणि नीट बांधा. चिखलात शिरण्याआधी, गाडी रिकामी असताना, टायरची हवा 22 पीएसआयपर्यंत उतरवा आणि दुसऱ्या गिअरवर एका लयीत न्या. चाक जागेवर फिरायला लागलं की लगेच थांबा. काळी माती गोट्यांमध्ये भरून टायर गुळगुळीत करते, पुढचं प्रत्येक फिरणं खड्डा खोल करतं. डांबरावर आल्यावर किंवा माल भरण्याआधी हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे पुन्हा भरा. फोर व्हील डांबरावर टाकून चालवू नका, ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढू नका. काढला की इंजिन नेहमी थंड चालतं, डिझेल जास्त खातं, आणि बीएस-6 गाडीत काजळी जळतच नाही. गाडी तापते त्याचं कारण बहुधा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असतं. तिथे कापसाचे तंतू आणि कुटार चिकटून नमद्यासारखा थर होतो, समोरून दिसत नाही. कंडेन्सर सैल करून तो थर काढा आणि इंजिनच्या बाजूने बाहेर कमी दाबाने पाणी मारा. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये थेंबभरही घालू नका, क्षार बसून नळ्या बुजतात. तयार मिसळलेला कूलंट घ्या, आणि पाच लिटरचा एक कॅन मार्च ते जून गाडीत ठेवा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण अर्धा तास थांबल्याशिवाय उघडू नका.