चित्रपट आणि गेमिंगसाठी टीव्ही कोणता?

प्रश्न : रात्री चित्रपट पाहण्यासाठी आणि मुलाच्या प्लेस्टेशन 5 साठी मध्यम किमतीचा टीव्ही घेताना काय पाहावे? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आकारापेक्षा पॅनेलकडे, म्हणजे पडद्याच्या प्रकाराकडे, आधी लक्ष द्यावे. चित्रपट बहुधा सेकंदाला 24 चौकटींचे असतात. 120 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र ताजे करणाऱ्या, पडद्यावर प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा दाखवता येते, तर 60 हर्ट्झवर हा हिशेब जुळत नसल्याने कॅमेरा संथपणे फिरताना चित्र किंचित अडखळते. गेम 4के दर्जात 120 हर्ट्झने खेळायचे असल्यास एचडीएमआय 2.1 (टीव्हीला उपकरण जोडण्याच्या केबल-जोडणीची एक आवृत्ती) हवे, आणि टीव्हीचे सगळेच पोर्ट तसे नसतात. अंधाऱ्या खोलीत व्हीए या एलसीडी प्रकारच्या पॅनेलचा काळा रंग इतर एलसीडींपेक्षा अधिक गडद दिसतो. बाजूला बसणाऱ्यांना मात्र रंग फिकट वाटतात. शाहूपुरीतील दुकानात झगझगीत ‘व्हिविड’ मोडवर भुलू नये, ‘सिनेमा’ मोडमध्ये रात्रीचे दृश्य आग्रहाने पाहावे.