वेल्समधलं घराणं शोधताना आडनाव सोडा, शेताचं नाव धरा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लेक वेल्समध्ये दिलेली, जावयाच्या आईचं माहेर ट्रेगॅरनच्या आसपासचं, आडनाव जोन्स. घरात एवढंच ठाऊक आहे की शेती होती आणि जोडीला दुकान होतं. नातीसाठी दोन्हीकडची वंशावळ करायला घेतलीत, देशावरची बाजू कुळवृत्तांतामुळे भराभर झाली, आणि इकडे 'जॉन जोन्स' टाकल्यावर माणसांचा पूर आला.

येणारच. तिथे आडनाव धरून काही हाती लागत नाही. वेल्समध्ये बापाचं नाव पुढे लावायची पद्धत होती. 'ॲप' म्हणजे अमक्याचा मुलगा. ॲप हाउएलचा पॉवेल झाला, ॲप रीसचा प्राइस, ॲब ओवेनचा बोवेन. ट्रेगॅरन ज्या कार्डिगनशरमध्ये येतं, तिथल्या खेड्यांत ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळली. डेव्हिडचा मुलगा जॉन डेव्हिड, त्याचा मुलगा थॉमस जॉन, आणि तिथून पुढे सगळे जोन्स. म्हणून १८२०च्या मागे गेलात की जोन्स शोधूच नका, बापाचं नाव शोधा. बायकाही बऱ्याचदा माहेरच्या नावानेच थडग्यावर आणि मृत्युपत्रात सापडतात.

मग धरायचं काय? शेताचं नाव. गावातही माणूस शेताच्या नावानेच ओळखला जायचा. जनगणना, थडगं, मृत्युपत्र, वर्तमानपत्र, सगळीकडे तेच नाव येतं.

सुरुवात मात्र लग्नाच्या दाखल्यापासून करा. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ला सुरू झाली. लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही बापांची नावं आणि धंदे असतात, जन्माच्या सरकारी सूचीत आईचं माहेरचं आडनाव असतं. जॉन जोन्स ढिगाने असले तरी आईचं माहेर 'मॉर्गन' असलेले जॉन जोन्स एका नोंदणी-जिल्ह्यात मोजकेच निघतात.

त्यानंतर जनगणना. १८४१च्या वयांवर विसंबू नका. पंधराच्या वरची वयं पाचाच्या पाढ्यात खाली ओढून लिहायची सूचना होती, चौतीसचा माणूस तीस दिसतो. १८५१पासून घरातलं नातं आणि जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावभाग) मिळतो. १८५१ ते १८८१मध्ये शेतकऱ्यापुढे किती एकर आणि किती गडी तेही असतं, आणि 'चाळीस एकरांचा शेतकरी व किराणा दुकानदार' अशी जोडनोंद दिसली की हेच आपले म्हणायला आधार मिळतो. १८९१पासून वेल्समध्ये भाषाही विचारली आहे.

शेताचं नाव कळलं की टाइथचे नकाशे उघडा. चर्चला धान्यात द्यायचा दशमांश १८३६च्या कायद्याने रोकड्यात बदलला, त्यासाठी पॅरिशवार मोजणी झाली. हा जवळजवळ आपला सातबाराच समजा: मालक कोण, कसणारा कोण, प्रत्येक तुकड्याचं नाव, नांगरट की कुरण, क्षेत्र किती. ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सने वेल्सचे हे नकाशे फुकट पाहायला ठेवलेत. फक्त एक सांभाळा. एकाच नावाची शेतं शेजारशेजारच्या पॅरिशमध्ये असतात, आणि एका शेताचे दोन झाले की वरचं 'इखाव', खालचं 'इसाव' अशी शेपटी लागते. ती शेपटी लिहिणारा कधी लिहितो, कधी गाळतो. त्यामुळे पॅरिशचं नाव जुळल्याशिवाय माणूस जोडू नका.

कसणारे बहुतेक कुळं होती, जमीन मोठ्या इस्टेटींची. त्या भागात ट्रॉसगोएद, नॅन्टिओस, गोगर्थन ही मोठी नावं. त्यांची कागदपत्रं याच लायब्ररीत आहेत आणि खंडाच्या वह्यांत बाप जाऊन मुलगा किंवा विधवा कधी आली ते वर्षावार कळतं. कुटुंब १८६८नंतर शेतावरून एकदम नाहीसं झालं असेल तर त्या वर्षीची निवडणूक आठवा. मालकाच्या मर्जीविरुद्ध लिबरल पक्षाला मत दिलं म्हणून कार्डिगनशर आणि कार्मार्थनशरमध्ये कुळांना शेतं सोडावी लागली. गुप्त मतदान १८७२ला आलं.

चर्चच्या नोंदींबद्दल थोडक्यात. लोक चॅपलचे (अँग्लिकन म्हणजे सरकारमान्य चर्चपासून वेगळ्या प्रोटेस्टंट पंथांचे) असले तरी १७५४ ते १८३७ या काळातली लग्नं कायद्याने अँग्लिकन चर्चमध्येच लागायची (क्वेकर आणि ज्यू सोडून), म्हणून लग्न तिथे आणि मुलं चॅपलमध्ये शोधा. बॅप्टिस्ट असतील तर बाळाचा बाप्तिस्मा नसतोच, जन्माची नोंद मिळाली तर मिळाली. चॅपलचे छापील वार्षिक अहवाल मात्र सोडू नका. कोणी किती वर्गणी दिली याची यादी त्यांत असते आणि नावापुढे घराचं किंवा शेताचं नाव असतं. मला विचाराल तर यापेक्षा नेमकं साधन क्वचितच आहे, आणि लोक ते सगळ्यात शेवटी बघतात.

आता दुकान. पिगट, स्लेटर, केली यांच्या व्यापारी डिरेक्टऱ्यांमध्ये गावोगावचे वाणी, कापडवाले, खाटीक दिलेत. लेस्टर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्यांतल्या बऱ्याच फुकट वाचता येतात. दुकान प्रत्यक्षात बाईच चालवत असली तरी जनगणनेत तिच्या नावापुढचा रकाना अनेकदा रिकामा असतो. नवरा 'शेतकरी' एवढीच नोंद. नवरा गेल्यावर ती अचानक 'किराणा दुकानदार' म्हणून उगवते. तेव्हा विधवांच्या नोंदी आधी बघा.

वेल्समधल्या दुकानांना लंडन हाउस, मँचेस्टर हाउस, लिव्हरपूल हाउस अशी नावं सर्रास असत. जनगणनेत पत्ता म्हणून 'मँचेस्टर हाउस' दिसलं की कुटुंब मँचेस्टरला गेलं असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत. माल तिकडचा म्हणून पाटी तिकडची, इतकंच. हेच नाव गावाच्या नावासोबत लायब्ररीच्या वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइनवर टाका. १९१९पर्यंतची वर्तमानपत्रं तिथे फुकट आहेत. जाहिराती, लिलाव, उधारीचे खटले, लग्नं, अंत्ययात्रा, सगळं मिळतं. दिवाळं निघालं असेल तर ते लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात छापलेलं असतं.

दुकानाला भांडवल कुठून आलं हा प्रश्न मला जास्त रंजक वाटतो. ट्रेगॅरनला रेल्वे १८६६ला आली, ॲबरिस्टविथपर्यंत १८६७ला, आणि बाहेरचा माल सहज येऊ लागला. पण कार्डिगनशरचे पुष्कळ लोक लंडनला जाऊन दुधाचा धंदा करायचे आणि कमाई घेऊन परतायचे. जॉन एखाद्या जनगणनेत गावी दिसत नसेल तर लंडनमध्ये 'डेअरीवाला, जन्म कार्डिगनशर' असा शोधा. तिथेही नाही, तर ग्लॅमॉर्गनच्या कोळसा खोऱ्यांत.

मृत्युपत्रांचं सोपं आहे. १८५८पूर्वीची चर्च-न्यायालयांतली वेल्श मृत्युपत्रं लायब्ररीच्या साइटवर फुकट, नंतरची सरकारी प्रोबेट (मृत्युपत्र-मंजुरीच्या) सूचीत. घरात वेल्श बोलणाऱ्यांचीही बहुतेक इंग्रजीत असल्याने वाचायला अडत नाही.

विसाव्या शतकासाठी १९२१ची जनगणना बघा. १९३१ची आगीत गेली, १९४१ला झालीच नाही. मधली पोकळी सप्टेंबर १९३९चं रजिस्टर (युद्ध सुरू होताच सरकारने केलेली घरोघरची नोंद) भरून काढतं, त्यात जन्मतारखाही आहेत.

विहीणबाईंना फोन कराल तेव्हा तीनच गोष्टी विचारा: शेताचं नाव, चॅपलचं नाव आणि आजी-आजोबांचं थडगं कुठे आहे. थडग्याचा फोटो असेल तर मजकूर वेल्शमध्ये असला तरी इथे टाका. नाव, वय आणि शेत एवढं त्यातून सहसा काढता येतं.