यजमानांना नौका हवी आहे आणि मला माझे घर

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार.

तुमचे सहा पानी पत्र मी दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. तुम्ही डोंबिवलीत राहता, वय ५६. तुमचे यजमान येत्या मार्चअखेर एका खासगी कंपनीतून साठाव्या वर्षी निवृत्त होत आहेत. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि आजवरची बचत मिळून सुमारे ८५ लाख रुपये हाती येतील. निवृत्तिवेतन म्हणाल तर महिन्याला चारेक हजार. त्यांना २८ फुटी जुनी शिडाची नौका २२ लाखांना घ्यायची आहे, डोंबिवलीचे घर विकून अलिबाग तालुक्यात भाड्याने राहायचे आहे आणि नोव्हेंबर ते मे या काळात तुम्हा दोघांनी मांडव्याहून थेट गोव्यापर्यंत बंदरे घेत फिरायचे, असा त्यांचा बेत आहे. तुम्हाला पोहता येत नाही, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्येसुद्धा पोटात ढवळते, घरी तुमची ८२ वर्षांची आई आहे आणि दोन वर्षांपूर्वी हौसेने सुरू केलेले हार्मोनियमचे शिक्षण तुम्हाला सोडवत नाही. तुम्ही नाही म्हटले की ते म्हणतात, "आयुष्यभर घरासाठी राबलो, आता एकच गोष्ट मागतो आहे," आणि मग घरात तुम्हीच अपराधी ठरता.

पत्राच्या पाचव्या पानावर तुम्ही जे लिहिले आहे, त्यापाशी मी थांबले. कपाट आवरताना तुम्हाला त्यांची एक चौकड्यांची वही सापडली. तिच्यात नौकेचा आतला आराखडा पेन्सिलीने, पट्टी लावून काढलेला होता. झोपायच्या दोन अरुंद बाकांपैकी एकावर तुमचे नाव होते, उशाशी चष्मा ठेवायला छोटी फळी दाखवली होती आणि स्टोव्हच्या जागी "चहा" असे लिहिलेले होते. तुम्ही वही होती तशी ठेवून दिलीत आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडलात. ते रडू रागाचे होते की मायेचे, हे तुमचे तुम्हालाच कळले नाही, असे तुम्ही लिहिता. मला वाटते, दोन्हीचे होते आणि दोन्ही रास्त होते. ज्या माणसाने चष्म्याच्या फळीचा विचार केला, त्याला तुम्ही बरोबर हव्या आहात यात शंका नाही; परंतु तुम्हाला त्या बाकावर झोपायचे आहे का, हे त्याने एकदाही विचारले नाही. तुमचे दुखणे नौकेपेक्षा या न विचारण्याचे अधिक आहे.

मात्र नौकेचा आणि पैशाचा हिशेब आधी करू, कारण तो न करता बसलात तर प्रत्येक बोलणे "तुला माझी हौस पाहवत नाही" या एका वाक्यापाशी येऊन अडेल.

८५ लाख हा आकडा एकदम हाती आला की मोठा दिसतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्के दर धरला तर त्याचे दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे वर्षाचे २ लाख ४६ हजार व्याज येते. या खात्यात तुमचे नाव सहखातेदार म्हणून घालता येते आणि त्यासाठी तुमचे वय साठ असावे लागत नाही. ते नाव घालून घ्याच. टपाल खात्याच्या मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या नावे १५ लाख ठेवले, तर ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५० रुपये येतात. निवृत्तिवेतन धरून महिन्याची बेरीज चौतीस हजारांच्या आत-बाहेर होते, आणि तुमचा आजचा घरखर्च तुम्हीच पन्नास हजार लिहिला आहे. महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर हाच खर्च बारा वर्षांत लाखावर जाईल. तेव्हा यजमान ७२ वर्षांचे असतील आणि तुम्ही ६८. मधली तूट भरून काढायला उरलेले ४० लाख आहेत आणि त्यांतूनच आजारपणाची सोयही व्हायची आहे. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपेल. स्वतःची पॉलिसी घेतली तरी आधीपासूनच्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून हे काम मार्चची वाट न पाहता या महिन्यात करा.

आता त्या २२ लाखांकडे पाहू. नौका बाळगणारी माणसे एक ढोबळ हिशेब सांगतात: खरेदीच्या किमतीच्या सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी तिच्या निगराणीवर जातो. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या नौकेच्या तळाला शेवाळ आणि कालवे धरतात, ती खरवडून खास रंगाचे हात द्यावे लागतात. शिडे उन्हाने विरतात, दोर झिजतात, इंजिनाची देखभाल असते, विमा असतो, नांगरण्याच्या जागेचे भाडे असते आणि राखणीला एखादा खलाशी ठेवला तर त्याचा पगार असतो. हे सारे मिळून वर्षाला दोन-सव्वादोन लाख होतात. ज्येष्ठ नागरिक योजनेचे वर्षाचे व्याज आणि हा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहा. आयुष्यभराच्या बचतीतला सर्वांत भरवशाचा तुकडा केवळ नौका तरंगती ठेवण्यासाठी खर्ची पडेल आणि घरात त्यातले जेमतेम वाणसामानापुरते येईल. यजमान जुन्या नौकेऐवजी नवी घेण्याचा विचार बोलून दाखवत असतील, तर सप्टेंबर २०२५ पासून अशा सुखनौकांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला आहे, हेही त्यांना दाखवा.

एवढे करून ती वर्षभर वापरता येत नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय कोळी बांधव दर्यात उतरत नाहीत, त्याला कारण आहे. खासगी नौका तर त्याआधीच, मे महिन्यात, क्रेनने उचलून जमिनीवर घ्याव्या लागतात आणि पाऊस सरेपर्यंत तिथेच ठेवाव्या लागतात. मुंबई बंदरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो, त्यामुळे धक्क्याला दोर बांधला आणि घरी आलो असे होत नाही. बहुतेक नौका खोल पाण्यात बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेल्या असतात आणि तिथवर जायलाच दुसरी होडी लागते. पाण्यात तरंगत्या धक्क्यावरून थेट नौकेत पाऊल ठेवावे, अशी कोचीच्या बोळगाट्टी बेटावर आहे तशी सोय आपल्याकडे हाताशी नाही.

गोव्याच्या सफरीबद्दलही थोडे सांगायला हवे. दिघी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण ही नावे उच्चारली तरी मन हरखते, हे मला मान्य आहे, आणि खाड्यांचा आसरा घेत दिवसादिवसाने जाता येते हेही खरे. पण या ऋतूत दुपारचा वारा बहुतांशी वायव्येकडून येतो. जाताना तो पाठीशी असतो, परतताना तोच नाकासमोर येतो, आणि मार्चनंतर तो चांगलाच जोर धरतो. शिवाय रायगडच्या किनाऱ्यालगत कोळ्यांची डोलजाळी खुंटांवर बांधलेली असतात; अंधारात त्यांतला दोर नौकेच्या इंजिनाच्या पंख्यात अडकला की मोठमोठे तांडेल, म्हणजे नौका चालवणारे म्होरके, हतबल होतात. हे शिकायला वर्षे द्यावी लागतात. दिलीप दोंदे यांचे नाव तुमचे यजमान घेतात. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या या पहिल्या भारतीयाबद्दल मलाही अपार आदर आहे. परंतु दोंदे नौदलातले अधिकारी होते, आणि निघण्यापूर्वी तीनहून अधिक वर्षे ते याच एका तयारीत होते; गोव्यात दिवार बेटावर नौका बांधली जात असतानाही ते तिच्या कामात गुंतलेले होते. तुमच्या यजमानांनी आजवर शिडाच्या नौकेत काढलेला वेळ, तुमच्या लिहिण्याप्रमाणे, दोन रविवार एवढाच आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगते. घर विकायचे नाही. ते तुम्हा दोघांच्या नावावर आहे. विक्रीच्या कोणत्याही कागदावर निदान दोन वर्षे सही करू नका, आणि हे आत्ताच शांतपणे सांगून ठेवा. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात नौकाही घ्यायची नाही. त्या वर्षात त्यांनी शिकावे. गोव्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत यांत्रिक नौका हाताळण्याचे आणि जीवरक्षणाचे प्रशिक्षण मिळते. मुंबईत डिंगी, म्हणजे एका-दोघांची शिडाची छोटी होडी, शिकवणारे क्लब आहेत. दुसऱ्यांच्या नौकेवर खलाशी म्हणून एक पूर्ण मोसम काढावा, मे महिन्यात ती वर काढताना तळ खरवडायला स्वतः जावे. त्यानंतरही ओढ टिकली, तर तीन-चार जणांत मिळून एक नौका घ्यावी किंवा ट्रेलरवरून घरी आणून पावसाळ्यात छपराखाली ठेवता येईल अशी अठरा-वीस फुटी घ्यावी. तुमच्या पुंजीतून त्यांच्या हिश्शाचे सहा लाख आणि वर्षाला साठ हजार एवढा भार सोसवेल, त्यापलीकडे नाही. नोंदणीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाचे नियम आधी समजून घ्यावेत. लाइफ जॅकेट, व्हीएचएफ रेडिओचा १६ क्रमांकाचा चॅनेल आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी यांच्याशिवाय त्यांनी पाण्यात जायचे नाही, ही अट तुम्ही घातलीत तर ती कटकट ठरत नाही.

सहा लाखांची होडी म्हणजे हौसेची बोळवण असे त्यांना वाटेल. माझे मामा मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन देवगडला गेले आणि शेजारच्या गाबित, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, कुटुंबाबरोबर निम्म्या भागीत एक लाकडी होडी घेतली. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि खारा वारा सुरू व्हायच्या आत परतायचे, एवढाच त्यांचा प्रवास असे. मे संपता संपता ती होडी वाळूवरून ओढून माडाखाली आणत, माशाचे तेल पाजत आणि झापांनी शाकारत. त्या तेलाचा वास मामांच्या सदऱ्याला दिवाळीपर्यंत येत असे आणि मामी तो सदरा वेगळा धूत असे. मामी त्या होडीत वर्षातून एकदा, फार तर दोनदा बसली असेल. बारा वर्षे हे असे चालले. मामा गेल्यावर होडीचा अर्धा हिस्सा त्या कुटुंबाला देताना तिचे डोळे भरून आले, ते मी पाहिले आहे.

आता तुमच्याविषयी. समुद्र लागणे हा भित्रेपणा नव्हे. तो कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा आणि डोळ्यांचा मेळ न बसल्याने होणारा त्रास आहे, आणि पुष्कळ मुरलेल्या खलाशांनाही तो होतो. डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी तासभर गोळी घेतली, रिकाम्या पोटी गेला नाहीत आणि नजर क्षितिजावर ठेवलीत तर तो कमी होतो. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी, वारा पडलेला असताना, त्यांच्या शिक्षकासह तासाभराची एक फेरी तुम्ही करून पाहावी असे मी सुचवीन. त्यानंतर नको वाटले तर नको म्हणा, आणि ते "नको" कायमचे मानले जावे. यजमान तुम्हाला 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून २०१७-१८ मध्ये जगप्रदक्षिणा केलेल्या नौदलातल्या सहा अधिकारी स्त्रियांचे उदाहरण देतात आणि "तू मांडव्यापर्यंतही येत नाहीस" असे म्हणतात, हे वाचून मला वाईट वाटले. त्या सहाजणींनी तो मार्ग स्वतः निवडला होता आणि त्यासाठी कठोर प्रशिक्षण घेतले होते. त्यांचे धाडस तुम्हाला हिणवण्यासाठी वापरणे त्यांच्यावरही अन्याय आहे, आणि हे तुम्ही यजमानांना याच शब्दांत सांगू शकता.

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला सापडली नाही. निवृत्तीनंतरचे दिवस तुम्हाला स्वतःला कसे हवे आहेत, याबद्दल सहा पानांत हार्मोनियमचे एक वाक्य सोडले तर काहीच नाही. यजमानांपाशी आराखडा आहे आणि तुमच्यापाशी नुसता नकार आहे, म्हणून प्रत्येक वादात त्यांचे पारडे जड दिसते. आठवड्यातले किती दिवस शिकवणीचे, आईची जबाबदारी भावाने वर्षातून किती महिने घ्यावी, कुठे फिरायला जायचे आणि त्यासाठी वेगळे किती पैसे ठेवायचे, हे लिहून काढा. त्यांच्या सहा लाखांएवढीच रक्कम तुमच्या नावाने बाजूला काढली जावी, असा आग्रह धरायला संकोच करू नका. घरासाठी तेही राबले आणि तुम्हीही राबलात.

बोलायला एखादा निवांत रविवार निवडा, पाहुणे आणि फोन नसतील असा. सुरुवात मात्र पैशांपासून करू नका. ती वही तुम्ही पाहिली आहे हे त्यांना अजून ठाऊक नाही, आणि हे लपवून तुम्ही पुढचे काहीही बोललात तरी ते बोलणे सरळ होणार नाही. म्हणून वही पाहिल्याचे सांगा, चष्म्याची फळी पाहून काय वाटले तेही सांगा, आणि मग त्यांच्यासमोर तुमचे लिहिलेले पान ठेवा.

तुमची,
ताई