प्राचीन चिनी जेड : ऑनलाइन सूचीतील नोंद कशी वाचावी?

प्रश्न : वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ एशियन आर्ट या संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीतील प्राचीन चिनी जेडच्या वस्तू मी पाहत आहे. मधोमध छिद्र असलेल्या चकत्या आणि बाहेरून चौकोनी, आतून गोल अशा नळ्या पाहता पाहता सगळ्या सारख्याच वाटू लागतात. काळ सुमारे हजार वर्षांच्या टप्प्यात दिलेला असतो आणि वस्तूचा उपयोग तर बहुधा सांगितलेलाच नसतो. अशा सूचीतून काय जाणून घ्यावे?

उत्तर : प्रथम छायाचित्र बाजूला ठेवून वस्तूच्या मालकीचा इतिहास वाचावा, असे मी आग्रहाने सुचवीन. या संग्रहातील कितीतरी जेड अमेरिकन संग्राहक चार्ल्स लँग फ्रीअर यांनी १९१९ मधील आपल्या निधनापूर्वीच्या काही वर्षांत विकत घेतले. नोंदणी क्रमांकात ‘एफ’ या अक्षरापुढे येणारा आकडा वस्तू संग्रहात आल्याचे वर्ष सांगतो. पूर्व चीनमधील ज्या ल्यांगचू या ठिकाणावरून या वस्तू घडवणाऱ्या अश्मयुगीन संस्कृतीला नाव मिळाले, तेथील पहिले उत्खनन मात्र १९३६ मध्ये झाले. म्हणजे ज्या संस्कृतीच्या या वस्तू आहेत, तिचा शोध लागण्यापूर्वीच त्या बाजारातून विकल्या गेल्या होत्या, आणि कोणत्या थडग्यात, मृतदेहाच्या कोणत्या बाजूस त्या ठेवलेल्या होत्या, ही माहिती कायमची हरवली होती. अशा चौकोनी नळ्या, ज्यांना त्सोंग म्हणतात, दीर्घकाळ झोऊ किंवा हान या बऱ्याच नंतरच्या राजवंशांच्या काळातील मानल्या जात. १९७३ मध्ये त्साओशिएशान येथील ल्यांगचू थडग्यात त्या सापडल्या आणि त्यांचे वय एकदम दोन हजार वर्षांहून अधिक मागे गेले. आपण पाहिलेला लांबलचक कालखंड उत्खनित वस्तूंशी तुलना करून ठरवलेला आहे. त्याहून नेमके वर्ष देणे अप्रामाणिकपणाचे ठरले असते.

उपयोगाबाबतही हाच संयम योग्य आहे. ‘चकतीने आकाशाची आणि त्सोंगने पृथ्वीची पूजा करावी’ हे विधान ‘झोऊ ली’ या प्राचीन चिनी विधिग्रंथातून येते. परंतु तो ग्रंथ ल्यांगचूनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी लिहिला गेला. त्याचा आधार घेऊन ल्यांगचूच्या लोकांची श्रद्धा सांगणे मला पटत नाही. अठराव्या शतकातील चिनी सम्राट छ्येनलुंग याने तर एका प्राचीन चकतीला वाडग्याची बैठक समजून १७९० मध्ये तिच्यावर स्वतःची कविता कोरवली. ती चकती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यापेक्षा चांग्‌चौजवळच्या सदुन येथील एक ल्यांगचू थडगे अधिक बोलके आहे, कारण तिथे एकाच व्यक्तीसोबत ३३ त्सोंग आणि २४ चकत्या ठेवलेल्या आढळल्या.

आता छायाचित्राकडे वळावे आणि ते जितके मोठे करता येईल तितके करावे. नेफ्राइट या प्रकारच्या जेडमधील सूक्ष्म तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असल्याने तो छिन्नीने कोरता येत नाही. ओल्या, कठीण वाळूने घासून घासूनच त्याला आकार द्यावा लागतो. छिद्र दोन्ही टोकांकडून पाडत आणल्याने आत, दोन बाजू जिथे मिळतात तिथे, अनेकदा लहानशी पायरी राहते. त्सोंगच्या कोपऱ्यांवरील चेहरे तर विशेष सावकाश पाहावेत : दोन वर्तुळाकार डोळे, रुंद नाक, आणि काही वस्तूंवर धातूच्या हत्याराविना कोरलेल्या केसासारख्या रेषा. १९८६ मध्ये फानशान या ल्यांगचू दफनस्थळी सापडलेल्या ६.५ किलो वजनाच्या त्सोंगवर हेच रूप संपूर्ण दिसते, पिसांचा मुकुट घातलेली व्यक्ती आणि तिच्याखाली मोठ्या डोळ्यांचा प्राणी अशा स्वरूपात. तिचे छायाचित्र शेजारी उघडून ठेवल्यास इतर त्सोंगवरील संक्षिप्त चेहऱ्यांत काय वगळले आहे ते कळू लागते आणि सारख्या वाटणाऱ्या नळ्या वेगवेगळ्या दिसतात.

रंगावरून मात्र काळ ठरवू नये. जमिनीत गाडले गेल्याने हिरवा जेडही पांढरट, खडूसारखा होऊ शकतो.