रेकॉर्ड प्रोड्यूसरला 'निर्माता' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की सॅम फिलिप्स या अमेरिकन रेकॉर्ड प्रोड्यूसरवरच्या (म्हणजे गायक-वादकांकडून रेकॉर्डिंग करून घेणारा) एका मराठी लेखात त्याला 'निर्माता' लिहिलंय, पण आपल्याकडे निर्माता म्हणजे नाटक-सिनेमाला पैसे लावणारा, मग हे बरोबर आहे का.

फिलिप्सपुरतं चालेल असं मला वाटतं. १९५० ला त्याने मेम्फिसमध्ये युनियन अव्हेन्यूवर स्वतःचा स्टुडिओ टाकला, तो चालावा म्हणून लोकांची लग्नं आणि अंत्यविधीसुद्धा रेकॉर्ड करून द्यायचा, आणि १९५२ ला सन रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. इथवर आपला नेहमीचा निर्माताच झाला.

पण त्याचं नाव झालं ते वेगळ्याच कामामुळे. १९५१ ला 'रॉकेट ८८' हे गाणं रेकॉर्ड करताना बँडचा अँप्लिफायर वाटेतच बिघडला होता, फिलिप्सने स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि जो खरखरीत आवाज आला तो आवडला म्हणून तसाच ठेवला (ती रेकॉर्ड बाजारात आणली शिकागोच्या चेस कंपनीने, म्हणजे तिथे पैसेवाला निर्माता म्हणायचं कोणाला हा प्रश्नच आहे!). जुलै १९५४ मध्ये गायक एल्व्हिस प्रेस्लीची संथ गाणी काही जमेनात, मधल्या सुट्टीत तो आणि साथीची पोरं 'दॅट्स ऑल राइट' या गाण्यावर टाइमपास करायला लागली, आणि फिलिप्सने तेच पकडलं, म्हणाला परत पहिल्यापासून घ्या. दोन टेप मशीन जोडून आवाजाला तो जो बारीकसा एको (प्रतिध्वनी) द्यायचा तेही त्याचंच काम. आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत हे दिग्दर्शकाचं काम झालं.

कोणीतरी 'संगीत संयोजक' सुचवलंय, ते नको, आपल्याकडे संयोजक म्हणजे अरेंजर, कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार ते लिहून देणारा, आणि हा असलं काही लिहून देत नव्हता. 'ध्वनिमुद्रक' म्हटलं तर नुसती बटणं फिरवणारा वाटतो, ती तो फिरवायचाच म्हणा.

मी सरळ 'रेकॉर्ड प्रोड्यूसर' लिहीन, कारण तोच लेख पुढे सरकला की पंचाईत होणारे. नोव्हेंबर १९५५ ला फिलिप्सने एल्व्हिसचा करार आरसीए या रेकॉर्ड कंपनीला ३५,००० डॉलरला विकला आणि तिथे रेकॉर्डिंग बघायला होता स्टीव्ह शोल्स, कंपनीचा पगारी माणूस, त्यालाही 'निर्माता' केलंत तर वाचणाऱ्याला वाटणार ते ३५,००० शोल्सनेच मोजले.