आजीच्या सपाता आणि जिजाईची वहाण

प्रिय इरा,

परवा तू विचारलंस तेव्हा माझा लेख द्यायची वेळ टळून गेली होती आणि पुण्याहून संपादकांचे दोन फोन येऊन गेले होते. मी 'नंतर सांगते' म्हटलं आणि तू पाय आपटत वर गेलीस. प्रश्न मात्र मी टिपून ठेवला: 'आजी टीव्हीला नमस्कार का करते? तो ॲक्टर आहे हे तिला कळत नाही का? आणि तू तर सिनेमावर लिहितेस, मग तू का नाही करत?' शनिवारच्या शाळेत जोडाक्षरं झाली म्हणालीस ना, म्हणून हे मराठीतच लिहितेय. अडलं तर बाबाला विचार, पण त्याच्या अर्थावर फार विसंबू नकोस.

त्या संध्याकाळी आपण तिघी बेसमेंटमध्ये होतो. बाहेर बर्फ, आजीच्या पायात लोकरी मोजे आणि त्यावर त्या निळ्या सपाता. मी १९३६ सालचा प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' लावला होता. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघाले तशी आजी सरसावून बसली, सपाता पायानेच सोफ्याखाली सरकवल्या आणि हात जोडले. तू माझ्याकडे बघून भुवया उंचावल्यास. पण त्याच क्षणी आजी काय म्हणाली ते तू ऐकलं नाहीस बहुतेक. ती म्हणाली, "गरुड अगदी पुठ्ठ्याचा वाटतो गं."

म्हणजे तिला सगळं दिसत होतं. पुठ्ठाही दिसत होता आणि हातही जोडलेले होते. त्याआधी दीड तास ती पखवाज कसा वाजतोय, तुकोबांवर जळणारा तो सालोमालो किती चावट आहे, अमक्याचं मुंडासं नीट बसलेलं नाही, हे सगळं सांगतच होती. माझ्यापेक्षा कडक समीक्षक आहे ती, फक्त तिला कोणी मानधन देत नाही.

मराठीत आपण देवळात देव 'बघायला' जात नाही, दर्शनाला जातो. दर्शनात आपण बघतो आणि आपल्याकडेही कोणीतरी बघत असतं. मूर्ती दगडाची आहे हे पंढरपूरला रांगेत दहा-बारा तास उभ्या राहिलेल्या बाईला तुझ्या-माझ्याइतकंच ठाऊक असतं. पडद्यावर उजेड पडला तेव्हा लोकांनी हीच सवय तिथे नेली. किंबहुना आपला सिनेमा सुरूच तिथून झाला. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडदा समोर असताना त्यांना डोळ्यांपुढे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसायला लागले. पुढे १९१७ साली त्यांनी 'लंकादहन' काढला. त्यात राम आणि सीता दोन्ही एकाच माणसाने केले, अण्णा साळुंके यांनी. आधी ते एका उपाहारगृहात आचारी होते. बायका सिनेमात काम करायला तयार नसत, म्हणून सीताही तेच. तरी पडद्यावर राम आला की लोक पायातलं काढत, हात जोडत, असं त्या काळच्या हकिकतींत वाचायला मिळतं. रामाचे दंड आणि सीतेचे दंड सारखेच आहेत हे त्यांना दिसलं नसेल? दिसलंच असणार.

'संत तुकाराम'चं तर विचारू नकोस. मुंबईत एकाच थिएटरात ५७ आठवडे चालला. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस आधी नाटकांतून स्त्रीभूमिका करायचे. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. हो, फत्तेलाल मुसलमान होते, आणि पुढे 'संत ज्ञानेश्वर'ही याच जोडीने केला. 'संत तुकाराम'मधलं 'आधी बीज एकले' हे गाणं तुकोबांचं नाहीच, ते शांताराम आठवले यांनी सिनेमासाठी लिहिलं. पण ते इतकं तुकोबांचं वाटलं की अभ्यासक ते गाथेत शोधत बसले! कवीला याहून मोठी पावती कुठली मिळणार?

पण मला तुला सांगायचंय ते जिजाईबद्दल, तुकोबांच्या बायकोबद्दल. तू त्या वेळी पॉपकॉर्न आणायला वर गेली होतीस. घरात दाणा नाही, पोरगा आजारी, नवरा देवाच्या नादी. जिजाईचं डोकं फिरतं. एका हाताने पोराला फरफटत, दुसऱ्या हातात वहाण घेऊन ती देवळात शिरते, विठ्ठलाला हाणायला. वहाण म्हणजे चप्पल. ज्या सिनेमासाठी आजीने सपाता काढल्या, त्याच सिनेमात एक बाई देवापुढे चप्पल उगारते. आजी त्या प्रसंगाला खळखळून हसली आणि लगेच डोळे पुसले. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. कारण आपल्याकडे देवाशी भांडायची रीत जुनी आहे. जनाबाई तर त्याला सरळ 'विठ्या' म्हणते. भांडण होतं ते घरच्या माणसाशीच.

आता माझ्याबद्दल. माझं हे काम सध्या थोडं अवघड झालंय. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' आला. ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले म्हणून गदारोळ झाला आणि दिग्दर्शकांनी तेवढा भाग काढून टाकला. लेझीम, इरा! गणपतीत तू खेळतेस तीच. एप्रिलमध्ये 'फुले' जोतिरावांच्या जयंतीला, ११ तारखेला येणार होता, तो आक्षेप आणि सेन्सॉरने सुचवलेले बदल यांतून जात २५ ला आला. आता असा कुठलाही सिनेमा बघायला बसले की जिजाई आठवते. आज कोणी हा प्रसंग लिहिला तर तिच्या हातातली वहाण पटकथेच्या पहिल्याच वाचनात कोणीतरी काढून घेईल. निर्मातेच घेतील, सेन्सॉरपर्यंत जाणारच नाही.

मागे आपल्या मंडळाने एक ऐतिहासिक सिनेमा लावला होता, आठवतं? रविवारी सकाळी दहाचा एकच खेळ. नाव नाही सांगत. शेवटी लोक उठून घोषणा द्यायला लागले, निम्मे जण एका हाताने मोबाइलवर स्वतःचं शूटिंग करत होते. मी बसून राहिले, कारण मला वहीत दोन वाक्यं लिहायची होती, अंधारात लिहिलेली नंतर मलाच वाचता येत नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी वळून माझ्याकडे असं काही बघितलं की मी पेन पिशवीत टाकलं. मग लिहिलं की लढाया छान आहेत पण माणूस सापडत नाही, तर 'परदेशात बसून तुम्हाला काय कळतंय' असे चाळीसेक निरोप आले. एका घरातलं हळदीकुंकवाचं आमंत्रणही त्या वर्षी आलं नाही. त्याचं मला जरा लागलं, खोटं कशाला सांगू. त्यांच्याकडची आंबाडाळ फार चांगली असते.

आजीने हात जोडले तेव्हा आपल्या दोघींकडे तिचं लक्षही नव्हतं. तू उठून हात जोड, असं ती तुला म्हणाली नाही. मी पाय पसरून बसले होते, तेही तिला चाललं. मला त्या काकांचा राग येतो तो त्यांच्या भक्तीचा नाही, मान वळवून इतरांचे हात मोजण्याचा येतो.

राहिला तुझा तिसरा प्रश्न. मी हात का जोडत नाही? माझ्या हातात पेन असतं, हे झालं विनोदाचं उत्तर. खरं असं की मला देव आहे की नाही हे नक्की सांगता येत नाही, आणि लिहिताना मी ते ठरवायला जात नाही. मी एवढंच बघते की सिनेमा करणाऱ्याने मन लावून केलंय की लोकांच्या श्रद्धेवर तिकिटं खपतील एवढाच हिशेब केलाय. मन लावून केलेलं कळतं, पुठ्ठा दिसत असला तरी. तशा वेळी माझे हात जुळत नाहीत, पण घसा दाटतो. परवाही दाटला होता, म्हणून तर मी दिवे लावायला उशीर केला.

अजून एक तू हळूच विचारलं होतंस, शूटिंगच्या आधी कॅमेऱ्यापुढे नारळ का फोडतात. मुहूर्त म्हणून. खंडेनवमीला सुतार करवतीची पूजा करतो तशीच कॅमेऱ्याचीही होते. खोबरं मात्र सगळ्या युनिटला मिळतं, आणि ते मी दर वेळी हात पुढे करून घेते.

आजी मंगळवारी पोचली. फोनवर पहिलं वाक्य, "माझ्या सपाता राहिल्या का गं तिकडे?" सोफ्याखाली आहेत, डाव्या बाजूला, एक जरा आत गेलीय. तुझा हात बारीक आहे, तेवढ्या काढून ठेव. सीमामावशी पुढच्या आठवड्यात पुण्याला जातेय, तिच्याबरोबर पाठवू.

तुझी,
आई